पाइन घ्या, उगाच पैसे कशाला घालवता?

आमचा जुना डेक, म्हणजे घरामागचा लाकडी फळ्यांचा ओटा, पडला नाही, कुजला. अमेरिकेतल्या मिनेसोटात हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत जातो, जुलैत पस्तिशी गाठतो. त्यातही खरा छळ मार्च-एप्रिलचा. दुपारी बर्फ वितळून पाणी फळीच्या चिरेत शिरतं, रात्री तिथेच गोठतं. गोठताना पाणी साधारण 9 टक्क्यांनी फुगतं, आणि चीर दरवेळी थोडी रुंद होते. शेवटी एका स्क्रूने मान वर काढून हिचा पायमोजा फाडला, तेव्हा कुठे घरात या प्रश्नाला महत्त्व आलं.

दुकानात मी एका हातात सीडरच्या लाकडाची आणि दुसऱ्या हातात कॉम्पोझिटची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली फळी धरून उभा होतो. बाहेर पार्किंगच्या कडेला बर्फाचे मळके ढीग, आणि शेजारी येऊन थांबलेले आजोबा हाफपँटीत. माझी काही ओळख नाही, पाळख नाही.

"डेक?"

"हो."

"बर्फ कशाने काढता? लोखंडी फावडं?"

मुलगी बघायला आलेल्या थोरल्या मामासारखी चौकशी सुरू झाली. ऊन कुठल्या बाजूचं? खाली मोकळी हवा आहे का? मीठ टाकता का? मग त्यांनी माझ्या हातातल्या सीडरमध्ये अंगठ्याचं नख रोवलं. फळीवर चंद्रकोर उमटली. "मऊ. वास छान, पण रंगरोगण चुकवलंत की राखाडी पडणार." नख रोवलेली फळी आता मीच घ्यायची की काय, या विचारात मी असताना पुढचा प्रश्न आला.

"वय किती?"

"असेल पंधराएक वर्षं."

"डेकचं नाही. तुमचं."

"अठ्ठावन्न."

त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं, मग कॉम्पोझिटवरच्या '25 वर्षं गॅरंटी'च्या चिठ्ठीकडे. ओठ हलले. बेरीज चालली होती.

"पाइन घ्या," ते स्वस्तातल्या लाकडाकडे बोट दाखवून अगदी मायेने म्हणाले. "तुम्हाला पुरेल. उगाच पैसे कशाला घालवता?"

"बरोबर बोलतायत ते," ही म्हणाली. अठ्ठावीस वर्षांचा संसार!

आणि त्यांच्या स्वतःच्या ट्रॉलीत काय होतं? कॉम्पोझिट. मी बोट दाखवलं. "या आईकडे बसवायच्यात," ते म्हणाले. "तिला सारखं सारखं दुरुस्तीचं काम नको असतं."

मी कॉम्पोझिट घेतलं. दुप्पटीच्या वर पैसे मोजून घेतलं.

पुढचा वैताग पालिकेचा. आमच्या भागात डेकच्या खांबांचा पाया 42 इंच खोल लागतो, राज्याच्या उत्तरेला 60. तेवढ्या खोलीपर्यंत जमीन गोठते, आणि गोठलेली माती खांबाला खुशाल वर ढकलते. कारण पटतं हो, पण देवगडच्या आमच्या घराचा पाया तरी इतका खोल असेल का? तिथे चार पिढ्या नांदल्या. इथे चार खुर्च्या आणि एक शेगडी ठेवायची, तीही वर्षातले पाच महिने. त्यातले दोन डासांचे.

बरं, कॉम्पोझिटमध्ये प्लास्टिक आलंच. सोळा फुटी फळी थंडी-उन्हात पाव ते अर्धा इंच लहानमोठी होते. म्हणून फळ्यांच्या टोकांशी फट किती सोडायची, हे बसवायच्या दिवशीच्या तापमानावर ठरतं. कारागीर रोज सकाळी हवामान बघतो आणि उद्या येतो म्हणतो.

काल तो अखेर आला आणि सहज बोलून गेला, की खालचा सांगाडा पाइनचाच असतो. तीच औषधात मुरवलेली, प्रेशर ट्रीटेड पाइन. 2003 अखेरपर्यंत घरगुती लाकडाच्या औषधात आर्सेनिक असे. आता तांबं जास्त असतं आणि ते साधे स्क्रू खातं, म्हणून जस्ताचा जाड थर दिलेले किंवा स्टेनलेसचे घ्यायचे. म्हणजे वरची फळी 25 वर्षं मिरवणार, आणि तिला उचलून धरणारं लाकूड त्याच्या आधी मान टाकणार!

"त्यावर उपाय आहे," तो म्हणाला. "तुळयांच्या डोक्यावर चिकटपट्टी लावायची. पाणी शिरत नाही."

पट्टीचे पैसे वेगळे.