खपली काढू नका म्हणे!

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या लोकांकडून मला तोच मेसेज आला. सार असं की लहानपणी झालं ते झालं, काळ हेच औषध, थेरपिस्टकडे जाऊन जुनं उकरणं म्हणजे बऱ्या झालेल्या जखमेची खपली काढणं, आधीच्या पिढ्यांनी काय कमी सोसलं, त्यांना कुठे थेरपी लागली, आणि शेवटी हे सगळे आईवडिलांना दोष द्यायचे धंदे. खाली हात जोडलेले. मी दोन वर्षं ट्रॉमा-इन्फॉर्म्ड थेरपी, म्हणजे मनावर झालेला आघात (ट्रॉमा) लक्षात घेऊन केलेली थेरपी, घेतेय हे तिघांनाही माहितीये, त्यामुळे हा टोमणा होता की काळजी कोण जाणे, पण आता उत्तर ऐका.

खपलीचं आधी. अहो, उकरून काढायला ते आधी पुरलेलं तरी असायला हवं ना! माझ्या मागे कुणी दार जोरात आपटलं की आजही खांदे कानापर्यंत जातात, साहेबांनी नुसतं "जरा आत या" म्हटलं की तळहाताला घाम, आणि हे पंचवीस वर्षांनंतर, म्हणजे डोक्याला कळतं की लहानपणीचं ते घर आता नाही पण अंगाला कुणी सांगितलेलंच नाही. थेरपीत काम चालतं ते या आजच्या घाबरण्यावर. पहिले चार महिने तर आम्ही मूळ प्रसंगाबद्दल बोललोच नाही. कुठल्या खुर्चीत बसायचं, दार बंद की किलकिलं, हात वर केला की विषय तिथेच थांबणार, असलं सगळं आधी ठरलं, आणि मला वाटायचं यासाठी पैसे देतेय का मी? नंतर कळलं की ज्युडिथ हर्मन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ सालीच मांडून ठेवलंय, पहिला टप्पा सुरक्षिततेचा, आठवणींकडे जायचं त्यानंतर.

एक घोळ इथेच निस्तरते. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड ही वागायची, काम करायची पद्धत झाली, पेशंटला काय झालंय हे लक्षात ठेवून त्याच्या हातात लगाम ठेवायची. प्रत्यक्ष आठवणींवर काम करणारे उपचार वेगळे, उदाहरणार्थ सीपीटी, म्हणजे प्रसंगामुळे मनात घट्ट बसलेले विचार तपासून बदलायची थेरपी, ज्यात साधारण १२ सेशन्स असतात आणि प्रसंग बारीकसारीक तपशिलासकट सांगायलाच हवा असंही नसतं. दुसरं ईएमडीआर, ते डोळे डावीउजवीकडे हलवायचं. त्यात डोळे हलवण्याचा नेमका वाटा किती यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, पण उपचार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये त्याची शिफारस केलीये.

आता मेसेजवाल्यांचं अर्धं बरोबर कुठे आहे तेही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलते. अपघात झाल्या झाल्या माणसाला बसवून एकाच बैठकीत सगळं बोलायला लावायचं, हा प्रकार एकेकाळी फार चालायचा, पण अभ्यासांत दिसलं की त्यानं पुढचा पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, टळत नाही, उलट काहींना त्रासच जास्त होतो. आणि कुणी थेरपिस्ट म्हणाला की "तुम्हाला आठवत नाहीये पण नक्की काहीतरी घडलंय", तर चप्पल घाला आणि निघा. आठवणींवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये प्रयोग छापलाय, लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची कधीच न घडलेली आठवण काही धडधाकट मोठ्या माणसांना खरी वाटायला लागली होती! तेव्हा बळजबरीनं उकरू नये हे मान्य, शंभर टक्के. पण चांगली थेरपीही तेच म्हणते.

काळ हे औषध? बऱ्याच जणांना लागू पडतं, खरंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगातल्या साधारण ७० टक्के लोकांवर आयुष्यात मनाला आघात करू शकेल असा एखादा प्रसंग येतो आणि त्यातल्या फक्त ५.६ टक्क्यांना पीटीएसडी होतो. म्हणजे सगळ्यांनी थेरपीला पळा असं कुणीच म्हणत नाहीये. पण ज्याला होतो तो काय करतो, तर टाळतो, तो रस्ता टाळतो, तो विषय टाळतो, ती माणसं टाळतो, आणि टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं म्हणून पुढच्या वेळी अजून टाळतो. असं करत वीस वर्षं काढली तरी काळाला कामच करता येत नाही, कारण आता धोका नाही हे कळायची संधीच आपण शरीराला देत नाही.

आधीच्या पिढ्यांचं म्हणाल तर त्यांना होतंच की, नाव नव्हतं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना 'शेल शॉक' म्हणायचे, काहींना भित्रे म्हणून मोकळे व्हायचे. पीटीएसडी हे नाव अमेरिकन मानसोपचाराच्या पुस्तकात आलं १९८० मध्ये. आणि बालपणाचं म्हणाल तर १९९८ मध्ये फेलिटी आणि अँडा या अमेरिकन डॉक्टरांचा मोठा अभ्यास आला, लहानपणी मारहाण, शोषण, घरातलं व्यसन असले प्रकार जितके जास्त तितकं मोठेपणी डिप्रेशन, दारू, अगदी हृदयविकारसुद्धा जास्त. सोसलं म्हणजे निभावलं असं नसतं हो.

राहिले आईवडील. मी थेरपीला गेले तेव्हा दोष द्यायला कुणी लागतच नव्हतं, सगळा दोष मीच घेऊन बसले होते, "मी तेव्हा उलट बोलले नसते तर". नऊ वर्षांची मुलगी मोठ्या माणसाचा राग आवरणार कशी, हा एक प्रश्न पचवायला मला अख्खे सहा सेशन्स लागले. बाबांकडे आता मी महिन्यातून एकदा जाते, पूर्वी वर्षानुवर्षं जात नव्हते. चहा होतो, मॅचबद्दल बोलणं होतं, आवाज चढला की मी चपला घालते आणि "पुढच्या महिन्यात येते" म्हणून निघते.