नित्याला रेनेगेड घ्यायचीय

नित्याला रेनेगेड घ्यायची आहे, हे त्यानं रंकाळ्याच्या कट्ट्यावर टेकायच्या आतच जाहीर केलं. टेकल्यावर मोबाइल फिरवला. चार जाडजूड चाकं, मांड ठोकून बसायची सीट आणि तोंडवळा असा, की गाडी आत्ता कुणाला तरी चावणार. कॅन-ॲम कंपनीची एटीव्ही, म्हणजे डोंगरात-चिखलात फिरवायची उघडी गाडी, रोटॅक्सचं दोन सिलिंडरांचं व्ही-ट्विन इंजिन, चारही चाकांना ड्राइव्ह.

"फॅमिलीसाठी घेतोय," तो म्हणाला.

दत्तानं फोटो मोठा केला, लहान केला. "फॅमिली कुठं बसणार?"

त्या एका प्रश्नावर पुढची सगळी संध्याकाळ गेली.

नित्या अमेरिकेत एडिसनला असतो. न्यू जर्सीच्या सरकारी जंगलांत एटीव्हीला बंदी, म्हणून त्याच्या ऑफिसातली मंडळी गाड्या ट्रेलरवर चढवून आठ-नऊ तासांवरच्या वेस्ट व्हर्जिनियात जातात. हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्स. कोळशाच्या खाणींचा डोंगराळ मुलूख. १९व्या शतकात टग फोर्क नदीच्या दोन काठांवरच्या दोन घराण्यांचं हाडवैर होतं, त्यांची नावं या वाटांना दिलीत. २००० साली त्या खुल्या झाल्या आणि आज सगळ्या मिळून हजार मैलांच्या वर भरतात. सोपी वाट हिरवी, मधली निळी, अवघड काळी, तशा पाट्या लावलेल्या. गिल्बर्टसारख्या गावात लॉजच्या दारातून एटीव्ही काढायची, पंपावर पेट्रोल भरायचं, हॉटेलापुढं लावून जेवायचं.

"हजार मैल!" संग्राम म्हणाला. "गगनबावड्याला असलं काही असतं तर मी उसाचं बिल घरापर्यंत आणलंच नसतं."

संग्रामकडं थार आहे. चिखल दिसला की त्याला रस्ता नको वाटतो. तो अर्थातच रेनेगेडच्या बाजूनं. "घ्यायची तर काळीज हलवणारी घे की रं! म्हातारपणी आहेच मग स्कूटर."

आमच्यातल्या बाकीच्यांनी एटीव्ही पाहिली ती अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर. पैसे द्यायचे, वाळूत दोन चकरा मारायच्या, फोटो काढून उतरायचं. तेवढ्या भांडवलावर मतं द्यायला कुणी मागं राहिलं नाही.

दत्ताचं गॅरेज उद्यमनगरात. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "गिअर का बेल्ट?"

"सीव्हीटी. बेल्ट."

"म्हंजे ॲक्टिव्हा."

नित्याला ते लागलं. पण दत्ताचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन पुल्या, मधे पट्टा, वेगाप्रमाणे पुल्या उघडझाप करतात, तत्त्व तेच. उभ्या चढावर, माणसं बसलेली, गाडी हाय रेंजमधे आणि वेग चालण्याइतका, अशा वेळी पट्टा घसरतो, तापतो, वास मारतो. तिथं लो रेंज, म्हणजे कमी वेगाचा पण जास्त जोराचा गिअर, टाकायची असते आणि नवशिका माणूस नेमकी तीच टाकत नाही. "इंजिन ९० घोड्यांचं असू दे नाही तर ४० चं, पट्टा जळला की ढकलायची सगळी सारखीच," दत्ता म्हणाला. होंडाच्या रुबिकॉनला पट्टा नाही, स्कूटरसारखी न चालता खऱ्या गिअरांवर चालते, हे नित्यानंच सांगितलं आणि सांगून पस्तावला, कारण दत्ता लगेच होंडावाला झाला.

मग फोर बाय फोर. इथं संग्रामला अडवणं अवघड. पण त्यानं समजावलं चांगलं. उसाच्या फडात ट्रॉली रुतली की ट्रॅक्टरचं एक चाक जागेवर गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. डिफरन्शियल सगळी ताकद सुटलेल्या चाकाकडं जाऊ देतो. मग टाचेनं डिफ-लॉकचं पेडल दाबायचं, दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर बाहेर. एटीव्हीत हेच काम प्रत्येक कंपनी आपापल्या परीनं करते. यामाहाच्या ग्रिझलीला बटण: दोन चाकं, चार चाकं, मग पुढच्या डिफचा लॉक. कावासाकीच्या ब्रूट फोर्सला डाव्या हाताशी लिव्हर, दाबाल तेवढा लॉक. पोलारिसच्या स्पोर्ट्समनमधे स्विच एकदा लावला की मागची चाकं घसरताच पुढची आपोआप जोडली जातात, चालवणाऱ्यानं डोकं लावायचं नाही.

"घरच्यांसाठी तीच बरी की मग," मी म्हणालो.

"आणि लॉक टाकून वळलास तर हँडल हातात येतंय का बघ," संग्राम म्हणाला. पुढची चाकं बांधली की गाडी वळायला मागत नाही. घरच्या नवशिक्यानं लॉक तसाच ठेवून वळण घेतलं तर सरळ झाडीत. म्हणजे संग्राम बोलता बोलता स्वतःच्याच रेनेगेडच्या विरोधात गेला, पण हे त्याच्या लक्षात आणून द्यायला कुणी धजावलं नाही.

माझं मत दत्ताकडं झुकलं ते पुढच्या मुद्द्यावर. झाडीतल्या वळणावळणाच्या वाटेवर ताशी तीसच्या वर जायला मोकळी जागा मिळते कुठे? तिथं मजा येते ती सस्पेन्शनची आणि हलक्या स्टिअरिंगची. मागचं प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं असेल तर दगडांवरून गाडी वाहत जाते. सलग एक्सल असेल तर कमरेत हिशोब लागतो. पोलारिसनं १९९६ च्या स्पोर्ट्समन ५०० ला असं सुटं मागचं सस्पेन्शन दिलं. आज इतक्या मोठ्या फोर बाय फोरमधे ते सर्रास असतं. म्हणजे जी मजा नित्या हजार सीसीत शोधत होता, ती ५७० सीसीच्या गाडीतही बरीचशी मिळते. संग्रामनं मग पोलारिसचीच स्क्रॅम्बलर एक्सपी १००० एस पुढं केली. दिसायला जबरदस्त, पण रुंदी ५५ इंच. वेस्ट व्हर्जिनियात ते खपून जाईल, पण नित्याला पुढं कधी युटाहचा पायूट ट्रेलही करायचाय आणि त्या बाजूच्या जंगलातल्या बऱ्याच वाटा ५० इंचांपर्यंतच्या गाड्यांनाच मोकळ्या असतात.

डॉक्टर तोवर शेंगा सोलत होता. हाडांचा डॉक्टर, बोलतो कमी. "मला इंजिन कळत नाही. तीनशे किलोचं धूड उताणं झालं तर खाली काय होतं तेवढं कळतं."

त्यानं मग इतिहास काढला. होंडानं १९७० साली अमेरिकेत तीनचाकी काढली, फुगीर टायरांची. लोक वेडे झाले आणि उलटेपालटेही झाले. १९८८ साली सरकारनं कंपन्यांशी कोर्टातून करार करून नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. चारचाकी आली म्हणून धोका गेला नाही. अजूनही तिकडं दरवर्षी शेकडो माणसं यात जातात. मोठी एटीव्ही सोळाच्या आतल्या मुलाच्या हातात द्यायची नाही, हे कंपन्याच सांगतात. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळाच्या आत कुठलीच एटीव्ही नको म्हणते.

"मी चालवणार, पोरं मागं बसतील," नित्या.

"एका सीटच्या गाडीवर?"

इथं आपल्या सवयी आड येतात. आपल्याकडं टाकीवर एक, मधे एक, मागं एक आणि पिशवी हँडलला, असा संसार चालतो. एटीव्हीवर चढ आला की चालवणाऱ्यानं पुढं झुकायचं असतं, वळणावर अंग आत टाकायचं असतं. गाडी अर्धी हातांनी आणि अर्धी बुडानं चालते. मागं कुणी चिकटून बसला की ही हालचाल बंद. शिवाय वजन मागच्या चाकांवर जातं आणि चढावर पुढची चाकं हलकी होतात. म्हणून दोघांसाठीच्या एटीव्ही वेगळ्या बनवतात: कॅन-ॲमची आउटलँडर मॅक्स, पोलारिसची स्पोर्ट्समन टूरिंग. चाकांमधलं अंतर वाढवलेलं, मॅक्सचं तर साध्या आउटलँडरपेक्षा आठेक इंचांनी, मागच्याला वेगळी सीट, धरायला कड्या, पाय ठेवायला जागा. आणि मागं बसणारा किमान बारा वर्षांचा हवा.

नित्याची आर्या तेरा वर्षांची. ईशान आठ.

"मग साइड-बाय-साइड घे," डॉक्टर म्हणाला. "शेजारी-शेजारी सीटा, स्टिअरिंग, सीटबेल्ट, डोक्यावर पिंजरा."

"ती काय गाडी आहे? गोल्फ कोर्सावर फिरतात तसली!" नित्या. संग्रामही त्याच्या बाजूनं. चंद्रावरच्या आर्मस्ट्राँगपासून आजवर माणूस हेल्मेट घालून हँडल धरायलाच जन्मलाय, अशा थाटात दोघं बोलले. (हेल्मेट त्या ट्रेल्सवर सगळ्यांनाच सक्तीचं आहे, पिंजऱ्यातल्यालाही.)

एवढ्यात मृणालवहिनी पोरांना भेळ खाऊ घालून आल्या. कट्ट्याचा निकाल अजून लागायचाय म्हटल्यावर म्हणाल्या, "मला मागं बसायचंच नाहीये. मी माझी वेगळी चालवणार."

हे कुणी विचारातच घेतलं नव्हतं. फॅमिली म्हणजे मागं बसणारी माणसं, असं आम्ही पाचही जण धरून चाललो होतो.

"आणि साइड-बाय-साइडचं म्हणाल, तर ईशानचे पाय टेकतात का बघा आधी." त्यांनी मॅन्युअल वाचलं होतं. पाठ सीटला, पट्टा लावलेला, हात कडीवर आणि तळवे फरशीला सपाट. यातलं एक जरी जमत नसेल तर बसवायचं नाही.

माझी वॅगनआर समोरच होती. ईशानला पुढच्या सीटवर पाठ टेकवून बसवलं. दत्तानं खाली वाकून त्याच्या चपलेखाली हात घातला. चार बोटं आरामात गेली. पोरानं चपळाईनं बूड पुढं सरकवलं आणि पाय टेकवले. "टेकले!"

"पाठ सुटली," डॉक्टर म्हणाला.

सहा वर्षांपासूनच्या मुलांसाठी ७० सीसीच्या बारक्या एटीव्ही मिळतात, पण त्या डोंगरात न्यायच्या गाड्या नव्हेत, मोकळ्या मैदानात मोठ्यांच्या नजरेखाली फिरवायच्या. डॉक्टरला तेही मान्य नाही. मला मैदानापुरतं मान्य आहे. यावर आमचं जुळलं नाही आणि ईशानचं तर कुणाशीच जुळलं नाही. तो गाडीतून उतरायलाच तयार होईना.

मे महिन्यात नित्याचे आई-वडील एडिसनला जातायत. तेव्हा ईशान आजी-आजोबांकडं राहील, बाकी तिघं गिल्बर्टला जातील आणि भाड्यानं जे मिळेल ते हिरव्या आणि निळ्या वाटांवर चालवून बघतील, इथवर ठरलं. नित्या अजून कुरकुरत होता की भाड्याच्या गाडीवर जीव रमत नाही.

"विकत घेऊन ठेवणार कुठं?" संग्राम. "ट्रेलरसकट?"

त्यांच्या सोसायटीत दारापुढं ट्रेलर लावू देत नाहीत. मृणालवहिनींनी स्टोरेजचं भाडंही विचारून ठेवलं होतं. आकडा ऐकून संग्राम उडालाच. "एवढ्यात मी तुझ्या रेनेगेडला शेड बांधून देतो की, वर वैरण फुकट."

"रेनेगेड नाही, भाऊजी. ग्रिझली." वहिनींचं उतारावर अडलं होतं. ग्रिझलीचा पट्टा सुटा पडत नाही, त्यामुळं थ्रॉटल सोडला की इंजिन गाडी धरून ठेवतं, सारखा ब्रेक दाबावा लागत नाही.

दत्ता एकदम खूश झाला, होंडा विसरून गेला आणि त्यांना टायरच्या हवेचं सांगायला लागला: या टायरांना पाच-सात पीएसआयच लागते, पंपावरच्या गेजचा काटा तेवढ्याला धड हलतही नाही, तेव्हा लो-प्रेशरचं वेगळं गेज घ्या आणि सकाळी गार टायरवरच मोजा.