स्लायडरांचे पॅनल आणि ‘दोन मिनिटांचा’ हिशेब

इंदूरमधल्या मराठी सॉफ्टवेअर-व्यावसायिकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. मला तो एकाच सकाळी तिघांनी पाठवला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : स्क्रीनवरील अंतरे, अक्षरांचा आकार, ॲनिमेशनचा वेग यांचे आकडे चालत्या ॲपमध्येच बदलून पाहता यावेत म्हणून स्लायडरांचे (बोटाने सरकवून आकडा बदलण्याच्या पट्ट्यांचे) डीबग पॅनल, म्हणजे फक्त ॲप बनवणाऱ्यांसाठीची चौकट, बांधणे हा रिकामा उद्योग आहे. आकडे फिग्मात (स्क्रीनचे आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) आधीच ठरलेले असतात, कोडमध्ये बदलून पुन्हा बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून ॲप नव्याने तयार करायला, दोनच मिनिटे लागतात, पॅनल चुकून ग्राहकापर्यंत पोहोचू शकते आणि स्लायडर हाती आला की चर्चा संपत नाही, अशी चार कारणे त्यात दिली आहेत. यांतील शेवटचे मला बऱ्याच अंशी मान्य आहे, पहिली तीन मात्र नाहीत.

आकडे फिग्मात ठरतात हे खरे. पण कोणत्या मजकुरावर ठरतात? विजयनगरमधल्या आमच्या छोट्या कचेरीत एका मराठी वाचनालयाच्या सभासदांसाठी ॲप तयार होत होते. पुस्तक-परिचयाच्या पानावर ओळीची उंची अक्षराच्या १.४ पट ठरवली होती आणि नमुन्याच्या इंग्रजी मजकुरावर ती शोभूनही दिसत होती. खरा मजकूर आला, तेव्हा वरच्या ओळीतील ‘श्रद्धाळू’चा ऊकार खालच्या ओळीतील ‘सर्वांना’च्या रफार-अनुस्वाराला जाऊन भिडला. देवनागरीला शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खाली, दोन्हीकडे जागा लागते, हे फिग्मातल्या त्या चौकटीला कोणी सांगितलेच नव्हते. वाचनालयाच्या ज्येष्ठ ग्रंथपाल काकू आल्या असताना आम्ही फोन त्यांच्याच हाती दिला आणि पॅनल उघडले. स्लायडर १.९ वर गेला तेव्हा त्या म्हणाल्या, “ओळी सुट्या झाल्या रे, पण पानावर काही मावतच नाही.” मग त्यांनी स्वतःच तो १.६५ आणि १.७ यांच्यामध्ये तीनदा मागेपुढे केला, आम्ही अक्षराचा आकार १७ वरून १८ वर नेला, आणि १.७ वर काकूंची मान हलली. या सगळ्याला एक बिल्ड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

दोन मिनिटांच्या मुद्द्यात खरी गफलत आहे, कारण तिथे हिशेब मिनिटांचा धरला आहे आणि प्रश्न नजरेच्या स्मरणाचा आहे. १.६५ आणि १.७ यांतला फरक समोरासमोर पाहिला तरच कळतो. मध्ये दोन मिनिटे गेली की आधीचे काय दिसत होते, हे आपण आठवत नसून कल्पनेने भरत असतो. शिवाय बरेचसे आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. स्प्रिंग पद्धतीचे ॲनिमेशन घ्या, म्हणजे स्प्रिंगला बांधलेल्या वस्तूसारखी हालचाल; त्यातला ‘अवरोध’ ही हालचाल शमवतो. वस्तुमान १, ताठरपणा १०० आणि अवरोध २० असेल, तर स्क्रीनवर सरकत उघडणारे पत्रक (शीट) न उसळता जागेवर बसते. ते चपळ व्हावे म्हणून कोणी ताठरपणा ४०० केला आणि अवरोध २० वरच ठेवला, तर पत्रक मुक्कामाच्या सुमारे १६ टक्के पुढे जाऊन मागे येते. पूर्वीसारखे शांत बसायला अवरोध ४० लागतो. हे सूत्राने काढता येते. पण किंचित उसळी हवी असेल, तर ती किती हे दोन स्लायडर हातात असल्याशिवाय ठरत नाही, आणि दर प्रयोगाला बिल्ड लागत असेल तर तिसऱ्या प्रयोगानंतर माणूस ‘चालेल’ म्हणून मोकळा होतो.

पॅनल ग्राहकापर्यंत पोहोचण्याची भीती रास्त आहे, पण तिचे उत्तर जुने आहे. फेसबुकने २०१४ मध्ये आयफोन ॲपसाठी ‘ट्वीक्स’ ही लायब्ररी (तयार कोडचा संच) सर्वांसाठी खुली केली, तिच्यात विकासाच्या बिल्डमध्ये फोन हलवला की पॅनल उघडते, आणि ग्राहकांना जाणाऱ्या रिलीज बिल्डमध्ये कोडच्या त्याच ओळींच्या जागी फक्त मूळ आकडा उरतो. वेबवर तर काम आणखी हलके आहे : स्लायडर सरकला की एक सीएसएस व्हेरिएबल (वेबपानाच्या मांडणीतला नाव दिलेला आकडा) बदलायचे, आणि पॅनलचा कोड फक्त विकासाच्या बिल्डमध्ये येईल अशी अट घालायची. आमच्या रिलीज स्क्रिप्टमध्ये (ॲप ग्राहकांसाठी तयार करणाऱ्या आज्ञांच्या यादीत) अंतिम फाइलींत पॅनलचे नाव शोधणारी एक ओळ आहे. ते सापडले तर रिलीज थांबते.

राहिला न संपणाऱ्या चर्चेचा आक्षेप. आमच्या पॅनलमध्ये एके काळी ३१ स्लायडर होते आणि बैठकीत प्रत्येक जण सावलीची छटा बदलत बसे, हे मी कबूल करतो. पण तो दोष सीमा न आखण्याचा होता. आता अंतरे चारच्या पटीतच सरकतात, आणि बटणाच्या उंचीचा स्लायडर अँड्रॉइडवर ४८ डीपीच्या व आयफोनवर ४४ पॉइंटच्या (ही स्क्रीनवरील मापाची एकके) खाली जातच नाही, कारण त्याहून लहान बटणावर बोट नेमके पडत नाही. ‘पूर्ववत’ आणि ‘आकडे कॉपी करा’ ही दोन बटणे मात्र हवीतच. नाहीतर फोनवर जमलेला आकडा तिथेच राहतो आणि कोडमध्ये जुनाच जातो. एखादा आकडा पक्का होऊन कोडमध्ये गेला की त्याचा स्लायडर आम्ही त्याच दिवशी काढतो. वाचनालयाच्या ॲपमध्ये सध्या चारच उरले आहेत, आणि त्यांतला एक अजून सावलीचाच आहे.