उपप्रश्न विचारता आला पाहिजे

लोकसभेत बुधवार हा पंतप्रधानांच्या खात्यांच्या प्रश्नांचा वार आहे आणि राज्यसभेत गुरुवार. भारतातल्या बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्या दिवशीही उत्तर द्यायला बहुतेक वेळा पंतप्रधान कार्यालयाचे राज्यमंत्रीच उभे राहतात. अलीकडच्या काळात जितेंद्र सिंह, त्याआधी 2004 ते 2010 या काळात आपले पृथ्वीराज चव्हाण. तेव्हा हे एका पक्षाचं किंवा एका नेत्याचं गाऱ्हाणं नाही. सवय जुनी आहे आणि ती मोडायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मी लंडनच्या हॅरो भागात राहते. इथेही वार बुधवारच. दुपारी बाराला अर्धा तास ब्रिटनचे पंतप्रधान संसदेच्या कॉमन्स सभागृहात सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला उभे राहतात. 1961 पासून अशी ठरलेली वेळ राखलेली आहे. आधी मंगळवार-गुरुवार पंधरा-पंधरा मिनिटं असायची, टोनी ब्लेअर यांनी 1997 मध्ये ती बुधवारी एकत्र केली. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न मिळतात. बाकीच्या सदस्यांची नावं सोडत काढून ठरतात. छापील कामकाजपत्रिकेवर बहुतेक वेळा फक्त नावं असतात, प्रश्न नसतात.

ओळखीच्या खासदारांच्या कार्यालयातून पास मिळवून मी एकदा प्रेक्षक सज्जात बसले होते. टीव्हीवर न दिसणारी एक गोष्ट तिथून दिसली. पंतप्रधानांच्या हातात जाडजूड फाइल, कडेला विषयवार रंगीत पट्ट्या. प्रश्न सुरू झाला की त्यांची बोटं पट्ट्यांवरून सरकायची, आणि प्रश्न संपेपर्यंत नेमकं पान सापडायचंच असं नाही. मागच्या बाकावरच्या एका सदस्येने तिच्या मतदारसंघातल्या एका आजारी मुलाच्या औषधाबद्दल विचारलं. पान सापडलं नाही. पंतप्रधानांनी फाइल मिटली, आरोग्यमंत्र्यांशी भेट घालून देतो म्हणाले, आणि ते सभागृहाच्या इतिवृत्तात गेलं. त्या आईच्या हातात आता देशाच्या पंतप्रधानाचा शब्द होता.

हे सगळं मी आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा सांगलीच्या माझ्या मामेभावाचं उत्तर आलं. "ताई, तिथं नुसता आरडाओरडा असतो, मी क्लिप बघतो की! काम करणाऱ्या माणसाला दर आठवड्याला तिथं उभं करून काय मिळणार? आणि पाच वर्षांनी लोकांपुढं जातोच की तो." घरोघरी हाच सूर आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देते.

आरडाओरड्याबद्दल त्याचं खरं आहे. बुधवारचा तो अर्धा तास पुष्कळदा लाज वाटावी असा असतो. स्वपक्षाचे सदस्य स्तुतीचेच प्रश्न विचारतात, विरोधी पक्षनेता संध्याकाळच्या बातम्यांसाठी वाक्यं घोटून येतो. मला स्वतःला लिएझन कमिटी अधिक मोलाची वाटते. वेगवेगळ्या समित्यांचे अध्यक्ष एकत्र बसून वर्षातून काही वेळा पंतप्रधानांना तास-दीड तास, कधी त्याहूनही जास्त प्रश्न विचारतात. 2002 पासून हे चालू आहे. तिथे टाळ्या नसतात, बाकं बडवणं नसतं, आणि एकच माणूस एकाच विषयावर, मिळालेल्या उत्तराला धरून, पाच-सहा उपप्रश्न विचारू शकतो.

पण या गोंगाटातूनही काय निघतं, ते तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या प्रकरणात साऱ्या जगाने पाहिलं. 1 डिसेंबर 2021, बुधवार. टाळेबंदीच्या काळात पंतप्रधान निवासात पार्ट्या झाल्या का, असा प्रश्न आला. जॉन्सन यांनी सांगितलं की सगळे नियम पूर्णपणे पाळले गेले. जेमतेम एका वाक्याचं उत्तर. पुढे पोलिसांनी तिथल्या आणि आसपासच्या सरकारी कार्यालयांतल्या कार्यक्रमांसाठी दंडाच्या 126 नोटिसा काढल्या, त्यातली एक खुद्द जॉन्सन यांना. मग सभागृहाच्या अधिकारांचा भंग झाला का ते पाहणाऱ्या विशेषाधिकार समितीने सभागृहातली त्यांची उत्तरं तारीखवार समोर ठेवून तपासली. समितीत बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं, तरी जून 2023 मध्ये निष्कर्ष आला की त्यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली. तोवर ते खासदारकी सोडून गेले होते. सभागृहाने अहवाल 354 विरुद्ध 7 मतांनी स्वीकारला. हीच वाक्यं प्रचारसभेत किंवा मुलाखतीत बोलली गेली असती, तर दोन दिवस टीका होऊन विषय संपला असता. ती सभागृहात, प्रश्नाच्या उत्तरात बोलली गेली म्हणून त्यांना वजन आलं.

आता त्याच महासाथीतलं आपलं उदाहरण घेऊ. हे लिहिताना मला आजही त्रास होतो.

24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर केली ती पंतप्रधानांनी, टीव्हीवरून. लाखो मजूर चालत निघाले. 8 मे रोजी पहाटे जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली आले. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सप्टेंबरमध्ये संसद भरली तेव्हा प्रश्नोत्तराचा तासच स्थगित ठेवलेला होता, फक्त लेखी उत्तरं मिळणार होती. किती स्थलांतरित मजूर दगावले, या प्रश्नाला 14 सप्टेंबरला श्रम मंत्रालयाने लेखी कळवलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच आठवड्यात रेल्वे मंत्रालयाने राज्यसभेत लेखी सांगितलं की मजुरांसाठी सोडलेल्या श्रमिक गाड्यांमधून प्रवास करताना 9 सप्टेंबरपर्यंत 97 जण दगावले.

एक खातं म्हणतं आकडा नाही, दुसरं खातं आकडा देतं. या दोन कागदांच्या मध्ये जो प्रश्न उरतो, तो विचारायचा कुणाला? श्रममंत्री म्हणणार रेल्वेचं मला विचारू नका, रेल्वेमंत्री म्हणणार भरपाई माझ्याकडे नाही. निर्णय ज्यांनी जाहीर केला, त्यांनाच तो विचारता येतो. सरकारच्या प्रमुखाला थेट प्रश्न हवेत ते यासाठी. खात्याखात्यांच्या फटीत पडलेल्या माणसाला दुसरं दार नसतं.

महासाथीत अधिवेशन भरवणंच अवघड होतं, हे मान्य. पण इथे 22 एप्रिल 2020 ला, जॉन्सन स्वतः कोविडमधून बरे होत असताना, परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब त्यांच्या जागी उभे राहिले. सभागृहात मोजकेच सदस्य, बाकीचे घरून पडद्यावर. पंतप्रधान आजारी, तरी बुधवार चुकला नाही.

"पंतप्रधान बोलतातच की," असं भाऊ पुन्हा म्हणेल. बोलतात. मणिपूरमधल्या हिंसाचारावर त्यांनी सभागृहात बोलावं म्हणून 2023 मध्ये विरोधकांना अविश्वास प्रस्ताव आणावा लागला, आणि 10 ऑगस्टला ते दोन तासांहून अधिक बोलले. मात्र भाषणाला उपप्रश्न नसतो. ज्याचं उत्तर द्यायचं नाही तो मुद्दा भाषणातून सहज गळून जातो. आणि पाच वर्षांनी मतदार एकच बटण दाबतो. त्या बटणात मणिपूर, महागाई, रस्ता, जात, उमेदवार सगळं एकत्र असतं. एका निर्णयाचा हिशेब त्यातून मागता येत नाही.

प्रश्न विचारणं ही काही इंग्रज साहेबांची खास देणगी आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्याकडे याहून धारदार परंपरा होती. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत घातलेल्या पैशाबद्दल लोकसभेत सरकारला धारेवर धरलं ते फिरोज गांधींनी. सत्ताधारी पक्षाचे खासदार, आणि वर पंतप्रधानांचे जावई. नेहरूंना चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी ती मुंबईत उघडपणे, लोकांसमोर चालवली, आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे आपल्या पुण्याचे मधू लिमये बिहारच्या मुंगेरमधून निवडून गेले, आणि कागदपत्रांच्या तयारीनिशी त्यांनी विचारलेल्या प्रश्नांचा मंत्र्यांना धाक असे. बॅरिस्टर नाथ पै लंडनमध्ये कायदा शिकले आणि राजापूरच्या लोकांसाठी दिल्लीत बोलले. या माणसांना कुणाकडून शिकायची गरज नव्हती.

शिवाय लागणारी यंत्रणा आहेच. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नांसाठी आजही सोडत काढतात. बुधवार ठरलेला आहे. नोटीस मात्र किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, आणि उत्तर कोण देणार ते सरकार ठरवतं. ब्रिटनमध्येही यासाठी वेगळा कायदा लागला नाही. ब्लेअरना वार बदलावासा वाटला, त्यांनी बदलला. कॅनडात तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी 2017 मध्ये बुधवारचे सगळे प्रश्न स्वतः घ्यायला सुरुवात केली, तीही आपणहून. आपल्याकडे लोकसभेच्या अध्यक्षांनी आणि सर्व पक्षांच्या गटनेत्यांनी ठरवलं, तर अधिवेशनातल्या दर बुधवारी पहिला अर्धा तास विनानोटीस प्रश्नांसाठी आणि पंतप्रधानांसाठी राखता येईल. आजच्या विरोधकांनी हे लेखी मागावं, आणि उद्या सत्तेत आल्यावर आम्हीही पाळू, हेही त्याच कागदावर लिहून द्यावं. नुसत्या घोषणा आणि सभात्याग यांनी हे मिळणार नाही.

ऋषी सुनक पंतप्रधान झाले तेव्हा मला सांगलीहून, पुण्याहून अभिनंदनाचे फोन आले होते. त्यांना दर बुधवारी बाराला काय करावं लागतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून इथे मला मत आहे, भारतातलं मत द्यायचं तर प्रत्यक्ष तिथे जावं लागतं. तुम्ही तिथेच आहात. लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराचे प्रश्न नावानिशी, तारखेनिशी मिळतात. तुमच्या खासदारांनी गेल्या अधिवेशनात पंतप्रधानांच्या खात्यांना काय विचारलं, ते एकदा काढून वाचा, आणि पुढच्या वेळी ते मतदारसंघात आले की बुधवारच्या अर्ध्या तासाची मागणी ते करणार का, एवढं त्यांच्याकडून चारचौघांत वदवून घ्या.