सगळ्याचं भाषांतर ‘नष्ट करणे’ नसतं

इंग्रजी-मराठी डिक्शनरीत इरॅडिकेट बघा, नष्ट करणे. अ‍ॅनिहिलेट बघा, नष्ट करणे, फार तर मागे ‘पूर्णपणे’ जोडलेलं. ऑब्लिटरेट, डिमॉलिश, एक्स्टर्मिनेट, सगळीकडे तेच, आणि मग आपण हे सगळे शब्द एकाच पोत्यात भरतो आणि लिहिताना हाताला लागेल तो काढतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय. आरोग्यावरच्या एका मजकुराचं भाषांतर करताना एलिमिनेशन आणि इरॅडिकेशन, दोन्हींना मी ‘निर्मूलन’ लिहून मोकळा झालो, तपासणाऱ्या बाईंनी दोन्हींवर लाल गोल काढून कागद परत पाठवले आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलाच नाही.

कारण फरक केवढा आहे बघा. रोगाचं एलिमिनेशन म्हणजे एखाद्या ठरावीक प्रदेशात नवीन लागण शून्यावर आणणं. इरॅडिकेशन म्हणजे अख्ख्या जगातून, कायमचा. माणसाच्या रोगांपैकी हे आजवर फक्त देवीचं झालंय, शेवटची नैसर्गिक लागण 1977 मध्ये सोमालियात आणि जागतिक आरोग्य संघटनेची घोषणा 1980 मध्ये. गुरांच्या बुळकांड्याचं 2011 मध्ये झालं. बस, दोनच! आणि कुष्ठरोगाबद्दल ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून एलिमिनेट’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, म्हणजे रुग्ण आहेत, त्यांना औषध लागतं, आणि मी मात्र ‘निर्मूलन झाले’ लिहून त्यांना कागदावरून गायब करून टाकलेलं. देवीचा विषाणूसुद्धा अटलांटा आणि रशियातल्या कोल्त्सोवो इथल्या दोन प्रयोगशाळांत अजून जपून ठेवलाय, म्हणून त्याच्या पुढच्या पायरीला एक्स्टिंक्शन हा वेगळाच शब्द आहे.

शब्दाच्या पोटात शिरलं की हे लक्षात राहतं. इरॅडिकेटमध्ये लॅटिन ‘रॅडिक्स’ आहे, म्हणजे मूळ (मुळ्याला रॅडिश म्हणतात तो त्याच घरातला), त्यामुळे निर्मूलन हा त्याचा सख्खा भाऊ. एलिमिनेटमध्ये ‘लिमेन’ आहे, म्हणजे उंबरठा. उंबरठ्याबाहेर काढणं! स्पर्धेतून एलिमिनेट झालेला खेळाडू नष्ट थोडाच होतो, तो बाहेर जातो, आणि रोगही एका प्रदेशाच्या बाहेर जातो, जगात दुसरीकडे असतोच. अ‍ॅनिहिलेटमध्ये ‘निहिल’, काहीच नाही. डेसिमेटमध्ये दहा, कारण रोमन सैन्यात शिक्षा म्हणून दर दहातला एक मारायचे. आता डेसिमेट ‘मोठी हानी करणे’ अशा अर्थाने सर्रास चालतं आणि मला ते मान्य आहे, पण ‘सगळंच संपवलं’ म्हणून वापरलेलं नाही पटत. आणि रेझ, भुईसपाट करणे, हा शब्द रेझरच्या घरातला, खरवडण्यातून आलेला, पण उच्चार वर उचलणाऱ्या, उभारणाऱ्या रेझसारखाच आहे, तेव्हा ऐकून टाइप करणाऱ्यांनी दहादा बघा, इमारत पाडली की बांधली तेच उलटं होऊन बसतं.

जोड्याही ठरलेल्या असतात. इमारत डिमॉलिश होते, कायदा किंवा प्रथा अबॉलिश होते, ब्रिटिश संसदेच्या 1833 च्या गुलामगिरीविरोधी कायद्याच्या नावातच अबॉलिशन आहे. गरिबी इरॅडिकेट करायची म्हणतात आणि इथे मला खरंच राग येतो, कारण संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक उद्दिष्टांमधल्या पहिल्याचं नाव होतं ‘अतिगरिबी आणि भूक इरॅडिकेट करणे’ आणि आतलं टार्गेट काय, तर 1990 ते 2015 मध्ये अतिगरिबांचं प्रमाण निम्म्यावर आणणं. निम्म्यावर आणणं हेही प्रचंड काम आहे, त्याला त्याच्या नावाने हाक मारायला काय हरकत होती? निम्मं मूळ जमिनीत ठेवून निर्मूलन होत नाही.

सगळ्यात जपून वापरायचा तो एक्स्टर्मिनेट. त्यात ‘टर्मिनस’ आहे, हद्द, म्हणजे मुळात अर्थ हद्दपार करण्याचा होता, पुढे तो मारून संपवण्याचा झाला आणि आज रोजच्या बोलण्यात तो उंदीर-झुरळांसाठी येतो. तोच शब्द माणसांना लावला जातो तेव्हा आधी कुणीतरी त्या माणसांना कीड ठरवलेलं असतं. 1994 मध्ये रवांडात रेडिओवरून तिथल्या तुत्सी समाजाच्या लोकांना झुरळं म्हटलं जात होतं आणि मग त्यांचं जे हत्याकांड झालं ते जगाने बघितलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या 1998 च्या रोम करारात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत खून वेगळा आणि एक्स्टर्मिनेशन वेगळं लिहिलंय, आणि त्यात लोकांचं अन्न, औषध मुद्दाम तोडणंसुद्धा येतं. भाषांतरात तिथे मी ‘संहार’ लिहितो आणि कुणी ‘नष्ट करणे’ सुचवलं तर खोडतो, कारण नष्ट वस्तू होतात.