मेडिकेअर, हॉस्पिस आणि चॅपलेनचा पगार: एका दाव्याची उलटतपासणी

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतली मुख्यतः वृद्धांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, हॉस्पिस म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारी सेवा, आणि चॅपलेन म्हणजे तिथला धार्मिक-आध्यात्मिक समुपदेशक. अमेरिकेत हा दावा पुन्हा पुन्हा फिरतो: ‘मेडिकेअर करदात्यांच्या पैशातून हॉस्पिसमधल्या चॅपलेनना पगार देतं, मरणासन्न रुग्णांवर धर्म लादतं, आणि हा पहिल्या घटनादुरुस्तीचा उघड भंग आहे.’ (ही घटनादुरुस्ती सरकारला धर्म प्रस्थापित करायला मनाई करते.)

पगार देतं? मेडिकेअर हॉस्पिसला प्रत्येक रुग्णामागे दिवसाचा ठरावीक दर देतं. नर्स, औषधं, खाट, समाजसेवक, चॅपलेन, सगळं त्यातच. चॅपलेन चारदा आला काय नि एकदाही नाही आला काय, दर तोच. पैसा सरकारी आहे, ते खरंच. पण भेटी वाढवून हॉस्पिसच्या पदरी जास्त काही पडत नाही. चॅपलेनच्या कामासाठीचे क्यू९००१ सारखे बिलिंग कोड दाखवून काही जण ‘हे बघा बिल’ म्हणतात. कोड नोंदीसाठी असतो, तो आहे म्हणून मेडिकेअर त्याचे वेगळे पैसे देत नाही.

लादतं? नियम नेमका उलटा आहे. आध्यात्मिक गरजा विचारायच्या, सेवा मिळू शकते हे सांगायचं, आणि रुग्ण व कुटुंब स्वीकारतील तेवढीच, त्यांच्या श्रद्धेला धरून द्यायची. हॉस्पिसच्या टीममध्ये डॉक्टर, नर्स वगैरेंसोबत ‘धार्मिक किंवा अन्य समुपदेशक’ लागतो. म्हणजे पाद्रीच हवा असं नाही. रुग्णाचं सविस्तर मूल्यांकन ५ दिवसांत पूर्ण व्हावं लागतं, आणि घोळ होतो तो या घाईत. दाखल होतानाच्या अर्जावर ‘धर्म: कॅथलिक’ दिसलं की तीच संमती धरून भेट ठरवली जाते. मग नोंदीत नुसतं ‘प्रार्थना केली’. कोणी मागितली, ते नाही. नोंद अशी हवी: काय विचारलं, रुग्ण काय म्हणाला, पुन्हा विचारलेलं चालेल का. ‘नको’ म्हटलं तर तारखेसह लिहायचं आणि वेळापत्रकातूनही नाव काढायचं. एवढं करायचं राहिलं की पुढच्या आठवड्यात बदली चॅपलेन दारात हजर! दावा करणाऱ्यांची तक्रार इथे रास्त आहे, फक्त दोष नियमाचा नाही, अंमलबजावणीचा.

उघड भंग? आयोवा राज्यातल्या ब्रॉडलॉन्स या सरकारी रुग्णालयानं पगारी चॅपलेन नेमला, त्यावर खटला झाला. १९८८ मध्ये आठव्या सर्किटच्या (आयोवासह काही राज्यांच्या) संघीय अपील न्यायालयानं नेमणूक वैध ठरवली, पण रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचे वैद्यकीय कागद पाहायला चॅपलेनला मनाई कायम ठेवली. हा दुसरा भाग चॅपलेनचे समर्थकही सोयीनं गाळतात. माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधल्या चॅपलेनवरचा खटला तर २००८ मध्ये वादींना दावा लावण्याचा हक्कच नाही म्हणून निकालात निघाला, त्यामुळे तो कोणाच्याच बाजूचा पुरावा नाही.