किती एचपीचा?

माझे सासरे निफाडचे. द्राक्षाची बाग, दोन विहिरी, तीन बोअर आणि सगळं आयुष्य पंपांच्या संगतीत गेलेलं. सध्या नातवासाठी आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मुक्काम. बाळाला चौथा महिना लागला त्या रात्री नवरा जेवता जेवता म्हणाला, "पंप विकत घ्यायचा की भाड्यानं आणायचा, एकदाचं ठरवून टाकू." नानांचा हात भाकरीवरच थांबला. अत्यंत गंभीरपणे त्यांनी विचारलं, "किती एचपीचा?"

सासूबाईंनी आमटी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघर गाठलं. नवरा ताटातल्या लोणच्याचं निरीक्षण करू लागला. या यंत्राला चारचौघांत घेता येईल असं मराठी नावच नाही. इंग्रजी नावातला पहिला शब्द आमच्याकडे जेवताना उच्चारत नाहीत. तो गाळला की उरतो नुसता पंप, आणि नुसता पंप म्हटलं की नाशिक जिल्ह्यात माणसाला विहीर दिसते. शेवटी मीच म्हणाले, "नाना, बाळाच्या दुधाचं मशीन. मी ऑफिसला गेल्यावर त्याला लागेल ना, ते."

नानांचे कान लाल झाले. पण प्रश्न पंपाचा होता, आणि पंपाच्या प्रश्नावर मत न देता उठणं त्यांना जमत नाही.

"कशासाठी पाहिजे त्यावर आहे," ते ताटाकडे बघत म्हणाले. "विहिरीचा गाळ उपसायचा असला तर आठ दिवस भाड्यानं आणावा, मोठा. रोजचं पाणी भरायचं असलं तर घरचा पाहिजे."

हे ऐकून मी तिथेच थांबायला हवं होतं. पण शेतकऱ्याचा सल्ला फुकट मिळाला की आपण पैसे देऊन तोच दुसरीकडे शोधतो.

रजा कायद्यानं 26 आठवडे. 2017 च्या आधी 12 च असायची, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. पण पायांच्या सुजेपायी त्यातले सहा आठवडे मी बाळ व्हायच्या आधीच संपवले होते. म्हणजे बाळ साडेचार महिन्यांचं असताना मी अंबडच्या ऑफिसात हजर.

शरणपूर रोडच्या बाजूला एका दुकानात अशी मशीन भाड्यानं मिळतात असं कळलं. काउंटरवरच्या मुलानं आधी आजूबाजूला पाहिलं, मग आवाज खाली आणला. भाड्याचं मशीन हॉस्पिटलातलं, एकेका बाईनं वापरून परत करायचं. महिन्याचं भाडं 2,800, डिपॉझिट 10,000, आणि अंगाला लागणारा बाटली-नळी-फनेलचा संच ज्याचा त्यानं विकत घ्यायचा. मशीन उचलून पाहिलं. लग्नात आहेर म्हणून मिळालेल्या मिक्सरएवढं जड. "बाळ एनआयसीयूत असलं, ओढत नसलं, तर पहिले काही आठवडे बायका नेतात," तो म्हणाला. म्हणजे गाळ उपसायला. नाना शरणपूर रोडला न जाता हे कसं जाणत होते कोण जाणे.

आम्हाला बाळ वर्षाचं होईपर्यंत तरी लागणार होतं. साडेसात महिन्यांचं भाडं 21,000 आणि विकतचं मशीन 7,200. हिशेब रिक्षात बसेपर्यंत झाला.

तेवढ्यात पंचवटीच्या मावसबहिणीचा फोन. तिचं जुनं मशीन माळ्यावर पडून आहे, फुकट घेऊन जा. फुकट या शब्दानं मी विरघळले. संध्याकाळी नानांच्या कानावर घातलं, तर ते एकदम ताठ झाले. "फवारणीचा पंप कोणाचा आणू नये पोरी. त्यानं टू-फोर-डी मारलेलं असतं. धुतला तरी राहतंच. एक टाकी मारली की आपल्या वेली आखडल्या." तणनाशकाचा पंप द्राक्षाला लावायचा नसतो, हे त्या पट्ट्यात पोराटोरांनाही ठाऊक. मी हसले, पण डॉक्टरीणबाईंनीही वेगळ्या भाषेत तेच सांगितलं. घरगुती मशीन एकाच बाईसाठी असतं. काहींमध्ये दूध आणि मोटार यांच्यामध्ये पडदाच नसतो, थेंब नळीतून आत जातात, तिथे बुरशी धरते, आणि मोटार काही कुकरमध्ये उकळता येत नाही. भाड्याच्या मशीनला तो पडदा असतो, म्हणून ते चालतं. बहिणीला काय सांगायचं हा प्रश्न उरला. अजून उरलाय.

माझ्या आईचं मत, कशालाच पैसे घालू नका. काचेची रुंद तोंडाची बाटली गरम पाण्यानं शेकायची, पाणी ओतून द्यायचं आणि बाटली लावायची, निवता निवता ती आपोआप ओढते. वर हळिवाचे लाडू. हातानं दाबायचं एक स्वस्त मशीनही मिळतं, ते नानांना दाखवल्यावर ते म्हणाले, "म्हणजे हापसा." दोन दिवसांसाठी वहिनीनं नवाकोरा आणून दिला. बाळापेक्षा माझं मनगट जास्त रडलं.

विकतचं घ्यायचं ठरलं आणि फनेलचा साइज आला. हा निपलच्या व्यासावर ठरतो, मिलिमीटरमध्ये. डब्यात बहुतेक 24 चा येतो, तो सगळ्यांना बसतोच असं नाही, आणि नाही बसला तर दूध कमी आणि कळा जास्त. नवरा सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दुसऱ्या दिवशी तो बॅगेतून व्हर्निअर कॅलिपर घेऊन आला. लीस्ट काउंट 0.02. "टॉलरन्स किती धरू?" त्यानं खरोखर विचारलं. मी व्हर्निअर हिसकावून न्हाणीघरात गेले. मापाचं काम मी स्वतः केलं आणि तो आकडा या लेखात येणार नाही.

(रात्री तीन वाजता मोबाइलवर वाचलं की असलं एक यंत्र 1920 च्या दशकात एडवर्ड लास्कर नावाच्या बुद्धिबळपटूनं बनवलं होतं. इंजिनिअरही होता तो. मला मात्र पटलं की एका जागी गप्प बसून समोर एकटक बघणाऱ्या माणसालाच हे सुचणार.)

ऑफिसात बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत स्तनपानासाठी दोन सुट्ट्या कायद्यानं मिळतात. जागा मिळाली ती स्टेशनरीच्या खोलीत, ए-फोरच्या गठ्ठ्यांमध्ये. मशीन सुरू झालं की आवाज यायचा, "द्वारका-द्वारका-द्वारका", अगदी नाशिकच्या द्वारका चौकाचं गिऱ्हाईक हाकारणाऱ्या शेअर रिक्षावाल्यासारखा. आठवडाभरात शिपाईकाका दारावर टकटक करून विचारू लागले, "मॅडम, द्वारका सुटली का?"

दोन महिने बरे गेले. मग एका सोमवारी बाटलीत बोटभर दूध. मंगळवारी त्याहून कमी. बुधवारी घरी खोलीचं दार लावून बसले, मशीन द्वारका-द्वारका ओरडतंय आणि बाटली कोरडी. दूध आटलं म्हणून मी रडायच्या बेतात. बाहेर सासूबाईंनी शतावरी काढली, आईला फोन लावला, हळिवाचं नाव निघालं. त्या गलबल्यात दाराबाहेरून नानांचा आवाज आला. ते दाराकडे पाठ करून उभे असणार, आवाजावरून कळत होतं.

"मोटार रिकामी फिरतीय. हवा घेतीय कुठं तरी. फुटव्हॉल्व्ह बघ म्हणावं तिला."

मी उघडून पाहिलं. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी फुटव्हॉल्व्ह असतो, तसा इथे फनेलच्या खाली सिलिकॉनचा बदकाच्या चोचीसारखा एक इवलासा व्हॉल्व्ह असतो. त्याची चीर उकळून उकळून फाटली होती. ओढ सगळी तिथूनच निसटत होती. डब्यात एक जादा दिलेला होता, तो बसवला. द्वारकेचा आवाज एकदम खालच्या पट्टीत गेला आणि पाचव्या मिनिटाला धार लागली.

बाहेर सगळे चिडीचूप. मग नाना, सवयीनं, "लागलं का पाणी?"

आणि लगेच चपला घालून घाईघाईनं जिना उतरल्याचा आवाज.